आडवा शोषखड्डा

अजेय मोहिते बँकेत होते आणि बँकेनं त्यांना देशभर फिरवलं होतं. त्यांच्यामागून शकुनही फिरली. जोधपूर, भोपाळ, विजयवाडा, मध्येच एकदा नाशिक. बदलीचं पत्र आलं की सामान बांधायचं, कुंड्या शेजारपाजारी वाटायच्या आणि नव्या गावी जाऊन पुन्हा माती शोधायची, हा तिचा संसार. साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेली बाई. मातीत हात घातल्याशिवाय तिला नव्या घरात आल्यासारखं वाटायचंच नाही. नोकरीतली शेवटची बदली कोलकात्याला झाली. बँकेनं सॉल्ट लेकमधलं एक घर भाड्यानं घेऊन दिलं होतं. ते बघायला गेले तेव्हा शकुन बाजूच्या बोळातून थेट मागच्या बागेत गेली आणि तिथेच रमली. परतताना अजेयनी स्वयंपाकघर कसं वाटलं म्हणून विचारलं, तर तिला काही सांगताच येईना.

घर दुमजली. वर घरमालक शंतनुबाबू दत्त आणि त्यांच्या पत्नी राहत, खाली हे दोघं. मोहित्यांची मुलगी मृणाल लग्न होऊन बंगळूरला होती. शंतनुबाबू बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या घरातले, हळू बोलणारे गृहस्थ. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी शकुनला सांगितलं की बाग तळमजल्याकडेच आहे, काय हवं ते लावा, फक्त आंब्याला हात लावू नका. तिनं जास्वंद लावली, लिंबू लावलं, कढीपत्ता लावला, भिंतीकडेला अळू लावलं. मार्च-एप्रिलमध्ये बाग अशी काही तरारली की ती रोज संध्याकाळी मृणालला फोनवर एकेक पान दाखवायची.

मग पावसाळा आला आणि बागेचं तळं झालं.

गच्चीवरचं सगळं पाणी एका जाड पाइपातून बागेत पडत होतं आणि बागेतून बाहेर जायला त्याला वाट नव्हती. गल्लीतलं गटार आधीच तुडुंब. उलट फाटकाखालून तिकडचंच पाणी आत यायचं. पाऊस थांबून दुसरा दिवस उजाडला तरी घोटाभर पाणी तसंच. लिंबाची मुळं कुजली. कढीपत्ता पिवळा पडून गेला. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल चढली आणि कपाटातल्या साड्यांना कुबट वास यायला लागला. अळू तेवढं मजेत होतं.

शंतनुबाबू एक दिवस जिन्यावरून उतरून आले, पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले की आता पुरे झालं. पुढच्या वर्षी दुर्गापूजेनंतर मिस्त्री बोलावून सगळ्या अंगणाला सिमेंट करून टाकायचं. आंब्याभोवती गोल जागा सोडू. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, थकवा होता. गल्लीतल्या बहुतेक घरांनी हेच केलं होतं.

शकुनला ते ऐकवेना. ती म्हणाली, "दादा, सिमेंट केलं तर पाणी नाहीसं होणार आहे का? ते गल्लीत जाईल, आणि गल्लीतून परत आपल्याच फाटकात येईल. आमच्याकडे शोषखड्डा करतात. पाणी जमिनीत मुरवतात. मला पुढचा एक पावसाळा द्या."

शंतनुबाबूंनी तो दिला. तसंही त्यांना पूजेआधी काही करायचं नव्हतं.

शकुनचा धाकटा भाऊ सारंग साताऱ्याला पंचायतींची कामं घ्यायचा. गावोगाव त्यानं शोषखड्डे केले होते. कुठल्या मुरुमात पाणी किती भरभर मुरतं हे तो वरवर उकरून सांगायचा. त्यानं फोनवर सगळं समजावलं. खड्डा खोल घ्यायचा, पुरुषभर उंचीपेक्षा जास्त. आत भोकं पाडलेल्या सिमेंटच्या कड्या एकावर एक बसवायच्या, बाहेरून विटांचे तुकडे भरायचे, वर झाकण, आणि गच्चीचा पाइप आत सोडायचा. बस, पुढची वीस वर्षं बघायला नको. शकुननं बागेतली सगळ्यांत सखल जागा निवडली. मे महिन्यात, उन्हानं अंगाची काहिली होत असताना, दोन मजुरांनी खड्डा खणला. तळ कोरडाठाक लागला. तिनं वरून बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि पाणी बघता बघता दिसेनासं झालं.

तिचा आनंद गगनात मावेना. दिसेल त्याला ती खड्डा दाखवायला न्यायची. भाजीवाल्याला दाखवला, समोरच्या घरातल्या बायकांना दाखवला, महाराष्ट्र मंडळात कुणी सुनंदाताई भेटल्या त्यांना मुद्दाम चहाला बोलावून दाखवला. जूनच्या पहिल्या सरी खड्ड्यानं निमूट गिळल्या. शंतनुबाबूंनी वरून हात हलवून शाबासकी दिली.

जुलैत खड्डा भरला. आश्चर्य म्हणजे त्या दोन दिवसांत पाऊस जवळजवळ नव्हताच. तिनं झाकण सरकवून पाहिलं तर आत काळं, स्थिर पाणी. तिनं पंप लावून ते उपसलं. सकाळी पुन्हा तेवढंच. पाणी वरून येत नव्हतं, खालून येत होतं. पुढच्या मोठ्या पावसात गच्चीच्या पाण्याला खड्ड्यात जागाच उरली नाही आणि बाग मागच्या वर्षीसारखीच बुडाली. त्यातच डेंग्यूसाठी घरोघर फिरणाऱ्या पालिकेच्या दोन बायका आल्या. त्यांनी झाकणाच्या फटीतून टॉर्च मारला, डबा आत सोडून पाणी काढलं आणि उन्हात धरलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या बोलत होत्या बंगालीत, पण आवाज चढलेला होता आणि समोरच्या गॅलरीत तीन घरांतली माणसं उभी होती. शकुनला सगळं कळलं. त्या बायकांची चूक नव्हतीच काही. त्या दिवसांत गल्लीत दोघं जण तापानं पडलेले होते.

ती आत येऊन पलंगावर बसली. अजेय ऑफिसमधून आल्यावर तिनं घडलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शकुन, घर आपलं नाही. माती आपली नाही. दीड वर्षात आपण इथून जाणार. करू देत त्यांना सिमेंट."

"आजवर कुठलं घर आपलं होतं?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं खड्ड्यात औषध टाकलं, झाकणाखाली बारीक जाळी ताणून बसवली आणि एक बांबू आत उभा केला. रोज सकाळी बांबू वर काढून ओल कुठवर चढली ते ती बघायची आणि खडूनं खूण करायची. का करतेय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. हरलो ते नेमकं कुठे हरलो, एवढं तरी कळावं अशी इच्छा होती. जुलै सरला, ऑगस्टमध्ये धो धो पाऊस झाला, आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाऊस ओसरून दिवस गेला की खड्ड्यातलं पाणी एका ठरावीक खुणेपाशी येऊन थांबायचं. कितीही पडो, शेवटी तिथंच. जमिनीपासून मोजलं तर ती खूण तिच्या कमरेइतकी खाली होती.

म्हणजे कमरेच्या खाली जमीन पाण्यानं भरलेली होती. पण कमरेच्या वर?

तिनं खुरपं घेतलं आणि बागेच्या मधोमध, जरा उंचवट्यावर, वरचा चिकट थर बाजूला करून हातभर खोल खळगा केला. आतली माती निराळीच निघाली. करडी, बारीक, हातात घेतली तर वाळूसारखी निसटणारी, आणि उन्हात धरली तर अभ्रकाचे कण चमकणारे. तिनं बादलीभर पाणी ओतलं. दुसरी बादली भरून आणेपर्यंत खळगा रिकामा. दुसरी ओतली, तीही गेली. तिसरी जरा वेळ घेऊन, पण गेली. भर ऑगस्टमध्ये, सगळं शहर चिंब असताना.

ती ओल्या हातांनीच वर गेली आणि मूठभर माती शंतनुबाबूंच्या पुढ्यातल्या वर्तमानपत्रावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी चोळली आणि हसले.

"ही माती नाही, ही गंगा आहे," ते म्हणाले. "मी शाळेत होतो तेव्हा इथे नुसती दलदल होती. नदीतला गाळ उपसून मोठमोठ्या नळांतून इथे आणून ओतला, वर्षानुवर्षं. आम्ही बागबाजारहून सायकली घेऊन ते बघायला यायचो. नळाच्या तोंडातून करडं पाणी पडायचं, पाणी वाहून जायचं आणि वाळू मागं राहायची. आपलं घर त्या वाळूवर आहे. तिच्या खाली मात्र जुनी दलदल तशीच असणार."

शकुनच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. तिनं खोल जाऊन दलदलीला हात घातला होता. पाणी मुरवणारी जमीन वरच, तिच्या पायाखाली होती. फक्त पायांनी तुडवून आणि चिकट मातीचे भारे टाकून तिचं तोंड बंद झालं होतं. खड्डा उभा नको, आडवा हवा. गुडघ्याच्या जरा वरपर्यंत खोल, पण बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब. तिनं हातवारे करून ते समजावलं.

शंतनुबाबूंनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे चर. खंदकच म्हणा की. आमच्या बागबाजारात पूर्वी मराठे येतील म्हणून लोकांनी खंदक खणायला घेतला होता. मराठे तिथवर आलेच नाहीत आणि खंदक अर्धाच राहिला. आता मराठे माझ्या घरी येऊन स्वतःच खणतायत." मग हसू आवरून म्हणाले, "खणा. पण हा पुरा करा."

त्या संध्याकाळी तिनं सारंगला फोन लावला. पहिल्या खड्ड्याचं काय झालं हे त्याला सांगायची लाज वाटून ती महिनाभर टाळत होती. तो ऐकून हळहळला, तळाशी अजून खोल बोअर मारू का म्हणायला लागला. शकुननं त्याला मध्येच थांबवलं.

"सारंग, आपल्याकडे पाणी खूप खाली असतं, म्हणून आपण त्याला उभं सोडतो. इथं ते वरच येऊन बसलंय. इथं त्याला आडवं निजवायचं."

तो म्हणाला, "ताई, इतकी वर्षं खड्डे करतोय मी. हे मला सुचलं नसतं." फोन ठेवल्यावर शकुननं स्वतःसाठी आल्याचा चहा केला आणि बागेत उभं राहून एकटीनं प्यायला.

भाद्रपदातल्या उघडिपीत काम सुरू झालं. मजूर तेच दोघं. आधी जुना खोल खड्डा वाळूनं भरून बुजवला. मग चर आखला: घराच्या भिंतीपासून लांब, कुंपणाच्या भिंतीलाही न चिकटता, आंब्याच्या मुळांना वळसा घालून. दोरी लावून, पाण्याची नळी धरून तिनं तळ सपाट करून घेतला. एका जागी तळ सखल राहिला तेव्हा मजूर चालेल म्हणत होते, पण तिनं चालू दिलं नाही. बंगालमध्ये दगड मिळायची मारामार, इथे विटाच फोडून वापरतात. भट्टीत जास्त भाजून काळ्या पडलेल्या, वेड्यावाकड्या विटा ती मुद्दाम निवडून आणायला गेली, कारण त्या पाण्यात विरघळत नाहीत. त्यांचे तुकडे धुऊन घ्यायचे होते, नाहीतर त्यांच्याच भुकटीनं वाळू तुंबली असती. रविवारी अजेय लेंगा दुमडून नळाखाली बसले आणि दिवसभर विटांचे तुकडे धूत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं.

रस्त्याच्या कामात वापरतात तसं जाड, पाणी जाऊ देणारं आणि वाळू अडवणारं कापड तिनं चराला आतून अंथरलं. त्यावर तुकडे, मध्ये भोकांचा पाइप, वर पुन्हा तुकडे, मग कापडाच्या कडा दुमडून घेतल्या आणि त्यावर माती. गच्चीचा पाइप चरात शिरण्याआधी एक छोटी हौदी बांधली, पाला आणि कचरा तिथंच राहावा म्हणून, घट्ट झाकणाची. आणि हौदीतून फाटकाबाहेरच्या गटाराकडे एक वरचा पाइप काढला. एखाद्या दिवशी आभाळच फाटलं तर पाण्याला तेवढी वाट असू दे. गल्लीतलं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून त्या पाइपाच्या तोंडाला झडप बसवली आणि फाटकाखालची फट विटांचा उंच उंबरा घालून बुजवली. काम संपलं तेव्हा बागेत बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसता माती उकरल्याचा पट्टा. या वेळी तिनं कुणालाही बोलावलं नाही.

पूजेला थोडे दिवस उरले असताना मिस्त्री येऊन अंगणाचं माप घेऊन गेला. शंतनुबाबूंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं आणि ते विसरले होते, की विसरले नव्हते, कोण जाणे. वाळूची एक गाडी फाटकाबाहेर येऊन पडलीसुद्धा. त्याच आठवड्यात तो पाऊस आला.

पहाटेपासून कोसळायला लागला तो थांबेचना. सकाळी अजेय ऑफिसला निघाले आणि फाटकातूनच परत आले. गल्लीत गुडघाभर पाणी होतं आणि समोरच्या घरातले लोक सोफा विटांवर चढवत होते. मिस्त्रीच्या वाळूचा ढीग वाहून गेला. शकुन मागच्या दारात खुर्ची टाकून बसली. बागेत पाणी साचलं. घोट्यापर्यंत आलं. तिला वाटलं, झालं. अजेयनी नाश्त्याची बशी आणून दिली ती तशीच राहिली.

अकराच्या सुमाराला पाऊस ओसरला. शकुन उठली नाही. ती पायरीच्या कडेला चिकटलेल्या एका सुक्या पानाकडे बघत होती. थोड्या वेळानं ते पान पाण्यावर तरंगत नव्हतं, पायरीवर पडलेलं होतं. मग पायरीखालची वीट दिसली. मग जास्वंदीच्या बुंध्याशी माती दिसली. मध्येच कुठेतरी जमिनीखालून गुळगुळ आवाज यायला लागला, मोठं जनावर पाणी पितं तसा. अजेय मागं येऊन उभे होते. दुपारचं जेवण होईपर्यंत बागेत चिखल होता, पण पाणी नव्हतं. फाटकाबाहेर गल्ली अजून तशीच भरलेली होती.

"शकुन," अजेय म्हणाले, "मागे मी तुला म्हटलं होतं ना, माती आपली नाही म्हणून."

"हं."

"ते मी परत घेतो."

शंतनुबाबू आणि त्यांच्या पत्नी, दोघंही जिना उतरून आले. शंतनुबाबू चपला काढून अनवाणी बागेत गेले, चराच्या पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालले आणि परत आले. आजवर ते तिला मिसेस मोहिते म्हणत. त्या दिवशी ते म्हणाले, "बौमा, मिस्त्रीला सांगून टाकतो. त्याला यायची गरज नाही." बौमा म्हणजे सूनबाई, एवढं बंगाली शकुनला येत होतं. तिनं वाकून दोघांना नमस्कार केला. तिचे डोळे भरून आले होते आणि तिला ते लपवायचेही नव्हते.

गल्लीतलं पाणी उतरायला दुसरी संध्याकाळ लागली. तेवढ्या वेळात शंतनुबाबूंनी गॅलरीतून ही बातमी दोन्ही बाजूंना पोचवली होती. आधी समोरच्या बाई बघायला आल्या, मग कोपऱ्यावरच्या घरातले वकील. शकुन प्रत्येकाला आधी फसलेल्या खड्ड्याची गोष्ट सांगायची, मग चराची. बंगाली तिचं अडखळत चालायचं, पण माती, वाळू, पाणी यांना शब्द फारसे लागत नाहीत. हिवाळा सरता सरता तिच्या देखरेखीखाली गल्लीत आणखी तीन घरांत चर झाले. प्रत्येक बागेत तिनं आधी खळगा करून पाणी ओतून पाहिलं. एका घरात पाणी मुरलंच नाही, भर घातलेली माती चिकट होती. तिथं तिनं स्पष्ट सांगितलं की इथं हे चालणार नाही, उगाच खणू नका. वकिलांना खोल विहिरीसारखाच खड्डा हवा होता, त्यांनी इंटरनेटवर पाहिला होता. अर्धा तास वाद झाला. शेवटी वकिलांनी हात जोडले आणि चर आडवाच झाला. बँकेतल्या लोकांना घरी जेवायला बोलावलं की अजेय आता जेवणाआधी सगळ्यांना मागच्या दारी घेऊन जायचे आणि मातीच्या त्या साध्या पट्ट्यासमोर उभं करून सगळी हकिगत सांगायचे. चुकूनही काही गाळत नसत, विटा धुतल्याचं सोडून.

पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस पडून गेला तशी शकुन छत्री घेऊन निघाली. तिला चारही बागा बघायच्या होत्या. दोन ठीक होत्या, आपली तर होतीच. समोरच्या बाईंकडे मात्र जास्वंदीखाली पाणी साचून राहिलेलं. शकुननं साडी खोचली, हौदीचं झाकण उचललं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. कदंबाच्या पानांचा लगदा तोंडाशी अडकून बसला होता. तिनं तो ओंजळी ओंजळीनं बाहेर काढला. शेवटची ओंजळ निघाली आणि पाणी गरगरत खाली ओढलं गेलं. पावसाळ्याआधी आणि मधूनमधून हौदी साफ करायलाच हवी, नाहीतर उत्तम चरही आंधळा होतो, हे तिनं त्या बाईंना हातातला लगदा दाखवून बजावलं.

बाईंच्या घरी पाहुणे आलेले होते. दारात उभ्या असलेल्या एका वयस्क माणसानं हा सगळा प्रकार बघून बंगालीत विचारलं की ह्या कोण.

"आमच्या गल्लीच्या इंजिनिअर आहेत," बाई म्हणाल्या.

शकुन साताऱ्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बीए झालेली होती. तिनं हौदीचं झाकण नीट बसवलं, चिखलाचे हात पागोळीखाली धुतले आणि त्या गृहस्थांना नमस्कार केला. बाईंची चूक काही तिनं दुरुस्त केली नाही.